नऊ एकांचा वर्ग

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन आणि राजेहो,

'राजेहो' म्हटल्याबरोबर मागच्या बाकांवर हसू फुटलं, म्हणजे मी जुन्या शहरातच उभी आहे. समितीनं मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी हात जोडले. त्या विषयावरचं ज्ञान आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी चहाच्या आधी येतं. मी समितीला म्हटलं, मला फळा, खडू आणि वीस मिनिटं द्या. मला एका संख्येबद्दल बोलायचं आहे. समितीतला एक जण म्हणाला, "काऊन वो, सुट्टीच्या दिवशी गणित?" तो समोरच बसला आहे. दहावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, म्हणून नाव घेत नाही.

ही ती संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा आकडी. एकापासून नऊपर्यंत चढते आणि पुन्हा एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आता मोठ्यानं वाचून बघा: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'कोटी' दोनदा म्हणावं लागतं, कारण कोटीच्या पुढची नावं आपण वापरणं सोडलं. नावं मात्र आहेत. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. आपल्यापैकी कुणाकुणाच्या आजोबांनी ती पाठ करून घेतली असतील. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त ही अठरा स्थानं आहेत; दोनतीन नावं तेवढी मराठीत येताना बदलली. फळ्यावरच्या संख्येतला सर्वात डावीकडचा १ 'मध्य' या सतराव्या स्थानावर बसला आहे, परार्धाच्या अलीकडे एक घर.

ही संख्या कुठून आली? नऊ एक ओळीनं लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनंच गुणा. नऊ एकांचा वर्ग. कॅल्क्युलेटर काढू नका. तो काय घोळ घालतो ते पुढे सांगते.

आधी लहान करून बघू. १११ गुणिले १११ आपण पाचवीत मांडायचो तसं मांडा. पहिल्या ओळीत १११, दुसऱ्या ओळीत एक घर सरकवून १११, तिसऱ्या ओळीत आणखी एक घर सरकवून १११. आता उभे रकाने बघा. उजवीकडच्या रकान्यात एक १ आहे, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन, मग एक. बेरीज १२३२१. चार एक घेतले तर १२३४३२१. नऊ एक घेतले तर नऊ ओळी होतात, मधल्या रकान्यात नऊ १ जमतात, आणि फळ्यावरची संख्या तयार होते. गुणाकार असा मांडला की ती पायऱ्यांसारखी दिसते. चमत्कार वगैरे काही नाही.

खरी गंमत दहाव्याला आहे. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, हातचा धरून दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ झाले आणि तिथं हातचा थांबला. उत्तर येतं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडून चढताना बघा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ. आठ गायब. हातच्यानं त्याचा नऊ करून टाकला. एकोणीस आकडी झाल्यामुळे ही संख्या भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांतही मावत नाही. नक्षी मोडते तिथंच जुनी नावंही संपतात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही गूढ शोधू नका. ग्रुपवर तर अजिबात पाठवू नका.

हा हरवलेला आठ तुम्ही आधी पाहिलेला आहे. वहीच्या मागच्या पानावर आपण १२३४५६७९ लिहायचो, आठ गाळून, आणि म्हणायचो, "तुझा आवडता आकडा सांग." समोरच्यानं ३ म्हटलं की त्याला २७ नं गुणायला लावायचं, उत्तर ३३३३३३३३३. आठ का गाळायचा हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. कारण असं की १२३४५६७९ ला ९ नं गुणलं की नऊ एक मिळतात, आणि नऊ एकांना ९ नं भागताना जे होतं त्यात वरचाच हातचा लपलेला आहे. पुढे फोड करत गेलं तर १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. हे दोन्ही मूळ आहेत, आणखी फुटत नाहीत. म्हणजे फळ्यावरच्या सतरा आकडी संख्येचे अवयव एवढेच: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एवढी डोंगराएवढी संख्या, आणि तिच्या पोटात तीनच मूळ संख्या.

आता तिच्या अंकांची बेरीज करा. एक ते आठ दोनदा, म्हणजे बहात्तर, अधिक मधला नऊ. एक्क्याऐंशी. नवाचा वर्ग. आणि तीन चार वेळा म्हणजे ८१, म्हणून या संख्येला ८१ नं निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला एक नाव आहे: हर्षद संख्या. हर्ष देणारी. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत हे नाव असंच छापतात, आणि ते एका मराठी शाळामास्तरांनी दिलेलं आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. त्यापुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. नोकरी एकच, गाव एकच.

आपल्या अकोल्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसलं की भुसावळ, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, मग देवळाली लागतं. घाट उतरून कल्याण, आणि कल्याणनंतर डोंबिवली. ही जुनी जीआयपी रेल्वेची लाइन आपल्या अभ्यासक्रमात कुणीतरी लावायला हवी होती. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथं पाटणे गावात सापडला. देवळालीला कापरेकर. आणि डोंबिवलीला ही आपली फळ्यावरची संख्या. तिचं नाव आहे 'डेमलो संख्या'. कापरेकरांना ही कल्पना ज्या स्टेशनावर सुचली त्याचं नाव त्यांनी तिला दिलं. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. गाडीची वाट बघताना माणूस काय काय करतो! आपण बहुतेक वेळा भजी खातो.

डेमलो संख्येची त्यांची व्याख्या अशी: संख्येचे तीन तुकडे करा. मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याची बेरीज केली की तोच अंक ओळीनं यायला हवा. फळ्यावर बघा: पहिला तुकडा १२३४५६७८, मधे ९, शेवटचा ८७६५४३२१. दोन टोकांची बेरीज ९९९९९९९९. बसलं! १, १२१, १२३२१ पासून नऊ एकांच्या वर्गापर्यंतच्या संख्यांना ते 'अद्भुत डेमलो' म्हणत. १९३९ मध्ये गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी या संख्यांवरचा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यांचं ६१७४ तुम्हाला कुठंतरी वाचून माहीत असेल, म्हणून लवकर सांगते. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लावून एक संख्या, चढत्या क्रमानं लावून दुसरी, वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि तिथंच अडकतं. आपलं वर्ष घेऊ, १९९६. ९९६१ वजा १६९९, ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पाच वजाबाक्या. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. कापरेकर आपल्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापून घेत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला हे नाव कळलं. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून गणिताच्या शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते गेले.

समोर आपले गणिताचे सर आणि बाई बसले आहेत, म्हणून हा प्रश्न मला टाळायचा नाही: नाक मुरडणाऱ्या त्या गणितज्ञांचं चुकत होतं का? माझ्या मते अर्धं बरोबर होतं. आपली संख्या सुंदर दिसते ती आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून. दहा बोटं आहेत म्हणून दहा. सोळाच्या पद्धतीत मोजणाऱ्याला ही नक्षी पंधरा एकांपर्यंत टिकलेली दिसेल. दोनच्या पद्धतीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या शून्य-एकच्या लिपीत, ती दोन एकांनाच मोडते: तिथं ११ म्हणजे आपले तीन, त्यांचा वर्ग नऊ, आणि नऊ तिथं १००१ असे लिहितात. मधे दोन १ जमतात आणि लगेच हातचा येतो. ३, ३७ आणि ३३३६६७ हे अवयव मात्र कोणत्याही लिपीत लिहा, तेच राहतात. संख्येला वजन असतं आणि चेहराही असतो. वजन म्हणजे ती किती आहे, चेहरा म्हणजे ती कशी लिहिली आहे. मोठ्या गणितज्ञांना वजनात रस होता. कापरेकर चेहरे बघत बसले.

उरलेलं अर्धं चूक का, ते माझ्या धंद्यात कळतं.

तुमच्या फोनमध्ये नाहीतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जो ब्राउझर आहे, त्याच्या आत जावास्क्रिप्ट नावाची भाषा चालते. तिला नऊ एकांना नऊ एकांनी गुणायला सांगा. ती उत्तर देते: १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी शून्य! एक्सेलच्या रकान्यात हीच संख्या टाइप करा. तिथं होतं १२३४५६७८९८७६५४३००, तेही रकाना रुंद करून नीट बघितलं तर. नाहीतर 'ई प्लस १६' असं काहीतरी दिसतं. आपल्या फळ्यावर पाचवीतलं पोट्टं हे गणित बरोबर करतं आणि हजारो कोटींच्या कंपन्यांची यंत्रं चुकतात. चुकतात म्हणजे काय? जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ठेवायची जी जागा आहे, तिच्यात संख्येचे त्रेपन्न द्विमान अंक मावतात. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे सगळ्या पूर्ण संख्या तिथं नेमक्या बसत नाहीत. आपल्या संख्येला चोपन्न लागतात. एकाच घरानं हुकते. शेवटच्या घरातला १ बाहेर पडतो, आणि विषम संख्या सम होऊन बसते. एक्सेलचा नियम आणखी सरळ आहे: पंधरा आकडे ठेवायचे, पुढच्यांच्या जागी शून्य.

वजनाच्या हिशेबानं हे काहीच नाही. बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटींत एक कमी. वैज्ञानिकाला चालतं, पूल बांधणाऱ्याला चालतं. पण चेहरा बदलला.

कधी कधी चेहराच सगळं असतो. मी एक यादी पाहिली आहे. कुठली, कुणाची, ते सांगत नाही. पीक बुडालेल्या शेतकऱ्यांना पैसे द्यायचे होते. खातेक्रमांक सोळा आकडी. नावं अकारविल्हे लावावीत म्हणून कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडली, लावली, सेव्ह केली आणि पुढे पाठवली. सगळ्या खात्यांचा सोळावा आकडा शून्य झाला. पैसे परत आले. शेतकरी बँकेच्या चकरा मारत राहिले. बँक म्हणे यादी चुकीची, यादीवाले म्हणत तुम्ही पासबुक नीट दिलं नाही. आमच्यासारखे इंजिनिअर सर्व्हर तपासत होते, नेटवर्क तपासत होते. शेवटी एका लिपिक बाईंनी कागदावर छापलेली यादी हातात धरली आणि म्हणाल्या, "एवढ्या लोकांचे खाते शून्यातच संपतात, हे कसं काय हो?"

त्या कापरेकरांसारख्याच आकड्यांकडे बघत होत्या. खातेक्रमांकाला वजन नसतं. दोन खातेक्रमांकांची बेरीज कुणी करत नाही, एकापेक्षा दुसरा मोठा म्हणून कुणी श्रीमंत होत नाही. ते आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. त्याला संख्या समजून कॉम्प्युटरमध्ये ठेवणं हीच मूळ गफलत. ट्विटरलाही २०१० मध्ये हेच करावं लागलं: त्यांच्या संदेशांचे क्रमांक एवढे मोठे होणार होते की जावास्क्रिप्ट त्यांचे शेवटचे आकडे बिघडवणार, म्हणून तोच क्रमांक अक्षरांसारखा अवतरणचिन्हांत घालून दुसऱ्यांदा पाठवायला त्यांनी सुरुवात केली. तुम्ही वर्गणीच्या याद्या करता, सोसायटीच्या याद्या करता, तर एवढं करा: खातेक्रमांक लिहायच्या आधी त्या रकान्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करून घ्या. आधी. नंतर केलं तर गेलेला आकडा परत येत नाही.

आणि यंत्राची ही चूक पकडायची कशी? आपल्याला चौथीत शिकवलं होतं. नवाचा ताळा. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, आठ आणि एक नऊ. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही नवावर यायला हवी. फळ्यावरची संख्या ८१, म्हणजे नऊ, जुळली. जावास्क्रिप्टचं उत्तर ८०, म्हणजे आठ, चूक. एक्सेलचं ७८, पंधरा, सहा, चूक. दोन्ही पकडली गेली, दहा सेकंदांत, खडूनं.

ताळा का जमतो हे आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं होतं का? बाई माना डोलवताहेत, म्हणजे सांगितलं होतं, आपलं लक्ष नव्हतं. आता त्या दहा एकांच्या वर्गाकडे पुन्हा जा. हातचे आले नसते तर अंकांची बेरीज दहाचा वर्ग, शंभर आली असती. प्रत्यक्षात ती ८२ आहे. अठरा कुठे गेले? दोन हातचे आले. प्रत्येक हातच्यात एका घरातले दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो. दहा गेले, एक आला. बेरजेतून नऊ गळाले. दोन हातचे, नवाची दोन गळती, अठरा. हातचे कितीही येऊ द्या, बेरीज नवाच्या पटीतच घटते, म्हणून नवाचा ताळा हलत नाही. आठ ज्या हातच्यानं पळवला, त्याच हातच्यात ताळ्याचं कारण आहे.

ताळ्यालाही मर्यादा आहे. ५२ च्या जागी २५ लिहिलं तर त्याला कळत नाही, बेरीज तीच. आणि माणसं आकडे लिहिताना शेजारचे दोन आकडे हमखास उलटे लिहितात. म्हणून तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा वेगळ्या युक्तीनं काढलेला असतो. ती वेरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ ची. पहिल्या अकरा आकड्यांवरून तो बारावा ठरतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटले तर हिशेब जुळत नाही. खिशातल्या आधार कार्डावरचा शेवटचा आकडा म्हणजे ताळ्याचा शिकलेला नातू समजा. चेहऱ्याचं गणित ते हेच. पोरखेळ म्हणून बाजूला टाकलेलं.

समितीच्या घड्याळाकडे माझं लक्ष आहे. दोनच गोष्टी राहिल्या.

एक, आपल्या वयाची. आपल्यापैकी बहुतेक जण १९८० चे, म्हणजे यंदा ४५. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. आणि फळ्यावरच्या संख्येला किती संख्यांनी निःशेष भाग जातो? ३ चार वेळा, म्हणजे पाच पर्याय. ३७ चे तीन. ३३३६६७ चे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. एवढ्यासाठीच मेळावा यंदा घ्या म्हणून मी मागे लागले होते. काही जणांना वाटलं, मला सुट्टी मिळत नाही. पुढची कापरेकर संख्या ५५. तिचा वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. त्या वर्षीच्या समितीला माझ्या शुभेच्छा.

दुसरी गोष्ट आता शाळेत असलेल्या मुलांसाठी. सर, परवानगी असेल तर ही बाहेरच्या फलकावर लिहून ठेवा. अद्भुत डेमलो नऊ आहेत, एका एकाच्या वर्गापासून नऊ एकांच्या वर्गापर्यंत. त्यांच्या अंकांची बेरीज १, ४, ९, १६ अशी वर्गांनी वाढत जाते. पण त्यातल्या हर्षद तीनच आहेत: १, १२३२१ आणि आपली फळ्यावरची. म्हणजे एक एक, तीन एक आणि नऊ एक. मधल्या सगळ्यांना आपल्याच अंकांच्या बेरजेनं भाग जात नाही. ४, १६, २५, ३६, ६४ यांना का जमत नाही हे तर शेवटचा आकडा बघूनच कळतं. ४९ ला थोडं काम आहे.

एक, तीन, नऊ. तर मग सत्तावीस एक ओळीनं लिहिले तर त्या संख्येला २७ नं भाग जाईल का? वर्ग करायची गरज नाही, नुसते सत्तावीस एक. एक सूचना: अंकांची बेरीज २७ आली म्हणून २७ नं भाग जातो असं म्हणणाऱ्याला मार्क देऊ नका. ती युक्ती ३ आणि ९ ला चालते, २७ ला चालत नाही. ९९९ मध्ये बघा, बेरीज २७ आणि भाग जातो. ८८८१२ मध्येही बेरीज २७, पण भाग जात नाही. दुसरी सूचना: नऊ-नऊ एकांचे तीन गठ्ठे करा आणि त्यांच्याकडे थोडा वेळ बघा. कॅल्क्युलेटर काढू देऊ नका. सत्तावीस आकडी संख्येला तो तसाही भरवशाचा नाही. उत्तर एका पानात बसतं. ज्या पोट्ट्याला नाहीतर पोट्टीला जमेल तिनं ते पान मला पाठवावं, माझा पत्ता स्मरणिकेच्या संपादकांकडे आहे.